कुंडीतल्या टोमॅटो-मिरचीला खालून पाणी : आख्खा सीझन वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ लावते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. टोमॅटो, वांगी आणि पालेभाज्या खालून पाणी मिळतंय म्हणून एकदम खूश आहेत, त्यांच्यासाठी मी परत झारी हातात घेणार नाही. मिरची आणि ढोबळी मिरचीलाही चालतं, पण कुंडीच्या तळातली पाण्याची टाकी कायम तुडुंब ठेवली तर नाही, तिला मधेमधे कोरडं पडू द्यावं लागतं. आणि लोक सगळा जीव कुंडी कुठली घ्यायची यावर काढतात, पण खरं काम आतलं मिश्रण करतं. मिश्रण बरोबर असेल तर साधी बादली पण मस्त चालते आणि मिश्रण चुकलं तर भारीतली सेल्फ वॉटरिंग (खाली टाकी असलेली रेडीमेड) कुंडी म्हणजे नुसता चिखलाचा डबा.

माझ्याकडे तीन प्रकार चालू आहेत. एक म्हणजे नेहमीची भोकवाली कुंडी, ती खोलगट ट्रेमध्ये ठेवायची, ट्रेमध्ये पाणी ओतायचं, अर्ध्या तासाने उरलेलं पाणी काढून टाकायचं. दुसरा वातीचा, दोन बादल्या एकात एक, खालच्या बादलीत पाणी आणि वरच्या बादलीच्या बुडातून खाली सोडलेली दोरीची वात. तिसरा रेडीमेड, ज्यात खाली टाकी, मधे जाळीची फळी, पाणी भरायला उभी नळी आणि बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असतं. तिन्ही वापरून झाल्यावर माझं मत असं की ट्रे रोपांसाठी आणि मिरचीसाठी बेस्ट, टाकीवाली टोमॅटोसाठी बेस्ट, आणि वातीवाली मधली, स्वस्तात होते पण वात चांगली मिळाली तरच.

चालतं कसं हे माहीत असेल तर पुढचं अर्धं डोकं खाणं वाचतं. दिव्याची वात तेल वर ओढते ना, तसंच मातीच्या कणांमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढतं, त्याला पंप लागत नाही की वीज लागत नाही. फटी जितक्या बारीक तितकं पाणी जास्त उंच चढतं पण हळू चढतं, आणि फटी मोठ्या असतील तर पटकन चढतं आणि लगेच थांबतं. कुंडीतल्या नेहमीच्या मिश्रणात साधारण २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत भरवसा धरायचा, त्याच्यावर उंच कुंडी घेतली तर वरचा भाग कोरडाच राहतो आणि लहान रोपाची मुळं असतात नेमकी तिथेच. म्हणून नवीन रोप लावल्यावर पहिले काही दिवस वरूनच पाणी द्यायचं, मुळं खाली उतरली की मग खालून. आणि अजून एक, ही साखळी आधी ओली असावी लागते. कोरड्या मिश्रणात खाली कितीही पाणी ठेवा, ते वर चढायला कंटाळा करतं. त्यामुळे कुंडी भरायच्या आधी मिश्रण ओलं करून घ्यायचं, मुठीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब पडेल इतकं, आणि भरून झाल्यावर एकदा वरून चांगलं पाणी घालायचं. मधे कधी कुंडी ठणठणीत कोरडी पडली तरी हेच, आधी वरून भिजवायचं, मग खालून चालू. पीटवालं (म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचं) मिश्रण असेल तर जास्तच लक्ष द्या, पीट एकदा सुकलं की पाणी अंगाला लावून घेत नाही, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्या मानाने समजूतदार आहे.

आता मिश्रण. बागेतली माती सरळ कुंडीत भरून खालून पाणी देऊ नका, प्लीज. जमिनीत ती माती कितीही भारी असू दे, कुंडीत खालून पाणी मिळालं की तिच्या सगळ्या बारीक फटी पाण्याने भरून जातात आणि मुळांना हवाच उरत नाही, मुळांनाही श्वास लागतो हे आपण विसरतो. चिकणमाती तर अजूनच वाईट. मी वापरते ते साधारण निम्मं कोकोपीट, पाव भाग परलाईट (हलके पांढरे फुगवलेले दगडी दाणे) आणि पाव भाग चाळलेलं गांडूळखत. टोमॅटोच्या टाकीवाल्या कुंडीला हे एकदम फिट बसतं. मिरचीला परलाईट वाढवते आणि खत कमी करते, कारण खत जास्त झालं की मिश्रण बारीक आणि जड होतं आणि पाणी धरून बसतं. कोकोपीट विकत घेतलं की आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, बऱ्याच कोकोपीटमध्ये मीठ असतं, आणि वरून पाणी देणाऱ्यांचं ते थोडंथोडं वाहून तरी जातं, आपलं इथे आतच साठत राहणार, त्याबद्दल पुढे सांगतेच. आणि बुडाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायची जी पद्धत आहे ती इथे सोडून द्या. एक तर पाणी वर चढायची वाट तुटते, आणि दुसरं म्हणजे खडीने निचरा होतो हा समजच मुळात खोटा आहे, कुठल्याही कुंडीत मिश्रणाचा तळाचा काही भाग पाण्याने गच्च राहतोच आणि त्या गच्च थराची उंची मिश्रणावर ठरते, खाली खडी घातली की तो थर नुसता वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते.

टोमॅटोबद्दल जास्त लिहायची गरज नाही, पाणी पिणारं झाड आहे, मोठं झालेलं झाड भर उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर सहज संपवतं, आणि वरून देताना आपण कधी जास्त घालतो कधी विसरतो, ते सगळं इथे बंद होतं. याचा खरा फायदा दिसला तो फळांच्या बुडाला पडणाऱ्या काळ्या डागात. तो डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यामुळे येतो, पण बहुतेक वेळा मिश्रणात कॅल्शियम असतंच, ते नेणारं पाणी कधी मिळतं कधी नाही हा खरा घोळ असतो, कारण कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर जातं. टाकीवाल्या कुंडीत हे डाग जवळपास गायब आहेत. फळं तडकण्याचं प्रमाणही कमी झालंय, तेही त्याच कारणाने. ज्यांनी अंड्याची टरफलं कुंडीत कुस्करून टाकलीयेत आणि डाग तरी थांबत नाहीत त्यांनी आधी पाण्याचं बघा, टरफलं कुजून कॅल्शियम सुटायला खूप वेळ लागतो.

मिरचीचं प्रकरण वेगळं आहे आणि खरं तर मी हे लिहायला बसले ते तिच्यासाठीच, कारण सगळीकडे "सेल्फ वॉटरिंग कुंडीत काहीही लावा" असं सांगतात आणि ते मिरचीला लागू होत नाही. मिरचीच्या मुळांना ओल हवी असते पण बसून राहिलेलं पाणी अजिबात नको असतं. टाकी सतत भरलेली असली की खालची पानं पिवळी व्हायला लागतात, नवीन पानं बारीक आणि फिकी येतात, झाड वाढायचं थांबतं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे झाड मान टाकतं, अगदी पाणी कमी पडल्यासारखं, की माणूस धावत जाऊन अजून पाणी घालतो. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून वर पानं सुकलेली दिसतात. त्यामुळे मान टाकलेलं झाड दिसलं की आधी कुंडी उचलून बघायची. हलकी असेल तर तहान, जड असेल तर पाणी बंद. हे वजनाचं तंत्र कुठल्याही मॉइश्चर मीटरपेक्षा भारी आहे, तो स्वस्तातला दोन काड्यांचा मीटर क्षारांनी पण हलतो आणि कोकोपीटमध्ये तर काहीही दाखवतो. (दोन-चार वेळा उचलून बघितलं की हाताला आपोआप कळायला लागतं.) कधीकधी पानांच्या खालच्या बाजूला बारीक पुटकुळ्या येतात, कीड समजून लोक फवारणी करतात, पण मुळं जेवढं पाणी ओढतात तेवढं पानांतून बाहेर पडत नसलं की असं होतं, ढगाळ आणि दमट दिवसांत जास्त, पाणी कमी केलं की नवीन पानं नीट येतात.

म्हणून मिरचीला मी ट्रेची पद्धत ठेवलीये. कुंडी हलकी लागली की ट्रेमध्ये पाणी, वीस मिनिटं ते अर्धा तास, वरचा थर बोटाला गार लागला की ट्रे रिकामा. मग परत हलकी होईपर्यंत काही नाही. रेडीमेड टाकीवाल्या कुंडीत मिरची लावलीच असेल तर फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी) पूर्ण तळाला गेल्यावर लगेच भरू नका, एक-दोन दिवस तसंच राहू द्या, मग भरा, आणि गच्च न भरता अर्धीच भरा. एवढं केलं की झाड सुधारतं हे स्पष्ट दिसतं. ढोबळी मिरची थोडी जास्त पाणी मागते, फळ मोठं असतं म्हणून, आणि तिलाही टोमॅटोसारखाच बुडाचा डाग येतो, फक्त तो फळाच्या खालच्या बाजूला कडेला येतो म्हणून उन्हाचा चट्टा समजतात. म्हणजे ढोबळीला फार ताण देऊनही चालत नाही. तिखट मिरचीला फळं धरल्यावर थोडा पाण्याचा ताण दिला की तिखटपणा वाढतो असं म्हणतात, काही जातींत तसं होतंही पण सगळ्या जातींत नाही, आणि ताण जास्त झाला की फुलं गळतात आणि फळं बारीक राहतात, तेव्हा त्या नादात झाड वाळवू नका. आणि फुलगळ म्हटली की लोक पाण्यालाच धरतात, पण तापमान ३२-३५ अंशांच्या पुढे गेलं की मिरची फुलं टाकतेच, तिथे खालून पाणी द्या नाहीतर वरून द्या, सावलीची जाळी लावल्याशिवाय फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून मी ठासून सांगते. एका मोठ्या ट्रेमध्ये सगळ्या मिरचीच्या कुंड्या शेजारीशेजारी ठेवून एकच पाणी देऊ नका. मिरचीच्या मुळकुजव्याला कारण असणारे फायटोप्थोरा आणि पिथियम हे बुरशीसारखे जीव पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतात, शब्दशः पोहतात, आणि एका आजारी कुंडीतून निघून त्याच ट्रेमधून बाकीच्यांच्या मुळांपर्यंत जातात. प्रत्येक कुंडीला वेगळा ट्रे ठेवा, धुवायला पण सोपं पडतं. एखादं झाड संशयास्पद दिसलं की त्याच्या ट्रेमधलं पाणी दुसऱ्या झाडाला द्यायचं नाही, वाया गेलं तर जाऊ दे. उरलेलं पाणी पुढच्या ट्रेमध्ये ओतायचा मोह सगळ्यांना होतो, मला पण होतो.

बियांपासून रोपं करत असाल तर मात्र डोळे झाकून खालून पाणी द्या. वरून झारीने दिलं की बारीक बी एका कोपऱ्यात वाहून जातं, कोवळी रोपं आडवी पडतात, आणि बुंध्याशी सतत ओल राहिली की एका रात्रीत रोपं मुळाशी कुजून कोलमडतात. खालून पाणी, वरून थोडी हवा, एवढ्यावर रोपं दणकट होतात. फक्त ट्रेमध्ये पाणी तसंच ठेवून विसरायचं नाही, नाहीतर रोपं परत तशीच मरतात.

चिलटांचं काय, असं सगळे विचारतात, ती कुंडीवर भिरभिरणारी बारीक काळी. ती वरच्या दोन-तीन सेंटीमीटर ओल्या थरात अंडी घालतात, त्यामुळे ट्रेच्या पद्धतीत वरचा थर मधेमधे सुकतो आणि ती बरीच कमी होतात. टाकीवाल्या कुंडीत मात्र वरचा थर कायम दमट राहत असेल तर काहीच फरक पडत नाही, उलट वाढतात. त्यावर वर जाडसर वाळूचा थर किंवा कोरड्या पानांचं आच्छादन घातलं की जमतं. पानांवरच्या रोगांचा फायदा मात्र सगळ्यांना मिळतो. वरून पाणी घातलं की मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडतात आणि टोमॅटोचा करपा बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो, पानं कोरडी राहिली की त्याला शिरायला वाव कमी मिळतो. पाऊस पडतोच म्हणा, पण आपल्या हाताने तरी उडवत नाही.

आता नावडती बाजू, म्हणजे क्षार. वरून पाणी देताना जास्तीचं पाणी भोकातून जातं आणि आपल्याबरोबर मीठ घेऊन जातं. खालून दिलं की पाणी वर चढतं, वरून उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. काही आठवड्यांत मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसायला लागतो, पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होतात. ज्यांचं पाणी बोअरचं, जड आहे त्यांना हे फार लवकर दिसेल. यावर उपाय एकच, महिना-दीड महिन्याने एकदा वरून भरपूर पाणी सोडायचं, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट तरी, आणि खालून सगळं वाहून जाऊ द्यायचं. म्हणजे १० लिटरची कुंडी असेल तर २० लिटर, हळूहळू. टाकीवाल्या कुंडीत आधी टाकी रिकामी करा, नाहीतर तेच खारट पाणी परत वर चढतं. पांढरा थर जाड झाला असेल तर आधी तो खरवडून काढा, विरघळवून खाली पाठवू नका. पावसात उघड्यावर असलेल्या कुंड्यांना हे काम पाऊसच करतो, फक्त ओव्हरफ्लोचं भोक बुजलेलं नाही ना ते बघा, मुळं आणि शेवाळ तिथे जाऊन बसतात आणि मग दोन दिवसांच्या पावसात कुंडीची विहीर होते.

खताचं गणितही यामुळे बदलतं. वाहून काहीच जात नसल्यामुळे पाकिटावर लिहिलेला डोस जास्त होतो, मी पातळ खत निम्म्या ताकदीचंच देते आणि तेही दर वेळी नाही. टाकीमध्ये शेणखताचं पाणी, जीवामृत, केळीच्या सालीचं पाणी असलं काहीही ओतायचं नाही, बंद जागेत ते सडतं, वास सुटतो आणि मुळांची उरलीसुरली हवा संपते. असलं सगळं वरून, थोडंथोडं, क्षार धुवायच्या दिवसानंतर. आणि वर पसरलेलं गांडूळखत कोरडं राहिलं तर झाडाला त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे खत घातल्यावर वरून थोडं पाणी शिंपडावंच लागतं. थोडक्यात, वरून पाणी पूर्ण बंद होईल ही अपेक्षा ठेवू नका.

डास. उघडं पाणी म्हणजे डास, यात वाद नाही. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ट्रेचं पाणी अर्ध्या तासात काढत असाल तर प्रश्नच नाही, पण टाकीच्या भरायच्या नळीवर झाकण आणि ओव्हरफ्लोच्या भोकावर बारीक जाळी हवीच. रेडीमेड कुंड्यांमध्ये झाकण येतं, जाळी बहुतेक येत नाही, आपणच चिकटवायची. वातीच्या बादल्यांमध्ये दोन बादल्यांच्या मधली फट विसरू नका, डासाला तेवढी पुरते.

तसंच पारदर्शक टाकी घेऊ नका, दिसायला सोय वाटते पण आत उजेड गेला की हिरवं शेवाळ धरतं. काळी कुंडी पण उन्हात नको, पाणी गरम होतं, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळांना दुहेरी मार बसतो. फिकट रंगाची घ्या किंवा काळीला बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळा.

वातीबद्दल थोडं. सुती दोरी सुरुवातीला छान ओढते पण काही महिन्यांत कुजून तुटते, आणि नेमकी झाड फळांवर आल्यावर. गुळगुळीत नायलॉन दोरी कुजत नाही पण नीट ओढत पण नाही. पॉलिस्टरची विणलेली जाड दोरी किंवा पॉलिस्टर फेल्टच्या पट्ट्या चांगल्या चालतात, जुन्या मायक्रोफायबर फडक्याच्या पट्ट्या पण. वापरायच्या आधी एक टोक रंगीत पाण्यात बुडवून उभं टांगायचं आणि तासाभराने रंग किती वर चढला ते बघायचं, जितकी उंची कुंडीत पार करायचीय त्याच्या वर गेला पाहिजे. मोठ्या झाडाला एक वात पुरत नाही, दोन-तीन घाला, आणि वात मिश्रणात नुसती उभी खुपसू नका, बुडाशी थोडी पसरून ठेवा म्हणजे जास्त जागी चिकटते.

गावाला जायचं असेल तर टाकीवाली कुंडी खरोखर वाचवते. ८-१० लिटरची टाकी भरलेल्या टोमॅटोला तीन-चार दिवस काढता येतात, मिरचीला आठवडा पण निघतो, ऊन किती आहे त्यावर. जाहिरातीत दोन-दोन आठवडे लिहितात ते बहुतेक घरातल्या शोभेच्या झाडांचं असतं, फळांनी लगडलेल्या झाडाला ते लावू नका. एवढं पाणी म्हणजे तेवढेच किलो वजन, बाल्कनीच्या कठड्यावर टांगणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्यातला एक बरा भाग म्हणजे वजन तळाशी असल्यामुळे उंच टोमॅटो वाऱ्यात कलंडत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी विकत घेताना तीन गोष्टी बघा, ओव्हरफ्लोचं भोक आतल्या जाळीच्या फळीच्या खाली आहे का (वर असेल तर पाणी आणि माती यांच्यामध्ये हवेची जागाच राहत नाही, सोडून द्या), टाकी उघडून धुता येते का, आणि टोमॅटोसाठी असेल तर पाणी सोडून नुसतं मिश्रण किती लिटर मावतं. हे शेवटचं डब्यावर लिहिलेलंच नसतं, टाकीसकट आकडा देतात. टोमॅटोला मिश्रण किमान २० लिटर हवं, मिरचीला १० ते १२ मध्ये निभतं.

सीझन संपल्यावर झाड उपटलं की मुळांचा गालिचा फळीला आणि वातीला असा घट्ट धरलेला असतो की ओढून काढावा लागतो. वात धुऊन, उन्हात वाळवून परत वापरता येते, टाकी घासून पूर्ण सुकवायची. मिश्रण पण फेकू नका, वरचा चार बोटं थर क्षारांचा असतो तेवढा काढा, बाकीचं भरपूर पाण्याने धुवा, मुळं चाळून काढा आणि नवीन खत व थोडं परलाईट मिसळा, फक्त मुळकुज झालेल्या कुंडीतलं मिश्रण मिरची-टोमॅटो-वांग्याला परत वापरू नका, सगळी एकाच कुळातली आहेत, आजार तोच लागतो. त्यात फार तर कांदापात लावा.